वहिनींच्या पिस्तुलाला गोळी कुठली?

बहारीनच्या उम्म अल हस्सम भागातल्या आमच्या खोलीत दोन गोष्टी कुणी न आणता साठायच्या : वाळू आणि किस्से. वाळू झाडता तरी यायची!

* * *

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. शुक्रवारी गावाकडच्या कॅसेटी लागायच्या. टेप एकच, त्यामुळे एकाच्या बायकोचं बोलणं चौघं ऐकायचे आणि सल्लाही चौघं द्यायचे.

क्रेन चालवणाऱ्या सावंताच्या बायकोची कॅसेट आली. घर गावाबाहेर, शेजारी दरोडा पडलेला. वहिनींनी स्वतःच्या नावावर परवाना काढून पिस्तूल घेतलं होतं! "दुकानदार इचारता, गोळये खंयचे व्हये, शिशाचे की तांब्याच्या कवचाचे? मी म्हटलंय, घोवाक इचारून सांगतंय."

घोव म्हणजे हा सावंत. भाजीत मीठ किती, हे आम्हाला विचारणारा!

* * *

बँकेतला कुलकर्णी पुण्याचा. त्यानं गोऱ्या साहेबाचं बंदुकांचं मासिकच आणलं.

"पोकळ नाकाची घ्या. आत शिरली की फुलते!"

साताऱ्याचे शिंदे, फौजेतले निवृत्त हवालदार, शांतपणे म्हणाले, "आणि पिस्तुलात अडकली की? चोराला काय म्हनायचं, पाव्हनं, चहा घ्या तवर?"

* * *

मी म्हटलं, गोळी ताजी हवी. आमच्या मामांनी एकदा जुनं काडतूस रानडुकरावर झाडलं. नुसतं फुस्स झालं. डुकरानं मागे वळून असं पाहिलं, की मामा म्हणाले, "सर्दी झालीय!"

शपथेवर सांगतो. डुकराला विचारा.

* * *

शिंद्यांनी विचारलं, "वैनींच्या मनगटात जोर किती?"

सावंत खुलला. "बावडेवरून दोन कळशे एका खेपेक हाडता!"

"अजून?"

"आता नळ इलो म्हणता." मग स्वतःच्याच मनगटाकडे बघत बसला. "आता कसा आसात, काय म्हायत."

कुलकर्ण्यानं मासिक मिटलं. पहिल्यांदाच!

* * *

शेवटी शिंदे म्हणाले, "ह्ये बघ, कवचवाली अडकत न्हाई, पन पातळ भिंत फोडून पार जाती. शिशाची लवकर थांबती, पन कवा कवा अडकती. आता सांग, भिंतीपल्याड कोन झोपतं?"

सावंतानं सांडलेल्या चहात बोट बुडवून टेबलावर घर काढलं. ओटी, माजघर, देवघर. मग बोट थांबलं.

"हयसर नवी खोली काढल्यानी. माझ्याच पैशांनी. मी बघूक नाय अजून."

"मग इचार!"

आम्ही लगेच कॅसेट भरली. प्रश्न सावंताचा, मागून तीन आवाज : "वहिनी, नीट बघून सांगा! पोरं कुठे निजतात तेही सांगा!"

उत्तर यायला महिना गेला. सावंत दर शुक्रवारी दाढी करून टेपपुढे बसायचा.

कॅसेट आली. आधी कोंबडं आरवलं. कुलकर्णी म्हणाला, "गप रे!" कोंबड्याला! मग वहिनी बोलल्या, सावकाश.

"अवो, पोरां माझ्या कुशीक निजतत, हयल्या बाजूक. भिंतीपलीकडे तुमची खाट घातलंय. रिकामीच आसा. खंयचीय गोळी चलात."