तेल मी सांगेन तेच

"मॅडम, तुम्ही तेलाच्या भानगडीत पडू नका. गाडी चालवायचं काम तुमचं, बाकी आमच्यावर सोडा," असं गारखेड्यातला माझा मेकॅनिक मला पाच वर्षं सांगत होता आणि पाच वर्षं मी ते ऐकून घेत होते. त्याची मला अजून लाज वाटते. मी जनावरांची डॉक्टर आहे. कन्नड तालुक्यातल्या एका सरकारी दवाखान्यात नोकरी करते. म्हशीला काय झालंय त्यात तुम्ही पडू नका, असं कुणी शेतकरी मला म्हणाला असता तर मी त्याला दारातूनच वाटेला लावलं असतं. पण गॅरेजमध्ये गेले की मी खुर्चीवर बसायचे, चहा घ्यायचे आणि तो म्हणेल त्याला मान हलवायचे.

गाडी छोटी, पेट्रोलवरची. मी घेतली तेव्हाच ती चार वर्षं चाललेली होती. आमच्या सगळ्या भावकीत ती पहिली चारचाकी. आमच्याकडं पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं. माझ्या वडिलांनी, त्यांना आम्ही आबा म्हणतो, घाटाच्या अंगानं सारी उमर कळपामागं पायी काढली. मी गाडी घेतली तेव्हा नातेवाईक म्हणाले, बाईमाणसाला गाडी कशाला, जीपा आहेत, एसटी आहे. पुढच्याच रविवारी मी ती घेऊन गावात गेले आणि पारावर बसलेल्या मंडळींसमोर मुद्दाम दोनदा हॉर्न वाजवला. नोकरीच्या पहिल्या वर्षी याच मंडळींतल्या एकानं, गायीचं वासरू अडलेलं असताना, मला गोठ्याच्या दारात अडवून विचारलं होतं, "बाई, सायेब नाय आले का?" मी बाह्या वर करत म्हटलं होतं, "सायेब मीच हाय. गरम पाणी आणा."

तर अशी मी, आणि तरीही तेलाच्या बाबतीत गप्प.

गाडीला माझ्याकडं सुख कमीच. मी राहते शहरात, गारखेड्याला. तिथून रोज कन्नड, पुढं खेड्यांचे कच्चे रस्ते, फुफाटा, दोन-दोन किलोमीटरवर थांबणं. गोठ्यात अंधार असला की गाडीचं तोंड आत करून दिवे लावायचे आणि इंजिन चालू ठेवून काम करायचं. सर्व्हिसिंगची तारीख लसीकरणाच्या धांदलीत पुढं पुढं जायची. दोष सगळा मेकॅनिकचाच होता असं मी म्हणणार नाही. अर्धा माझाही होता.

दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात मी आबांना गावाकडून घेऊन शहराकडं येत होते. आई गेल्यापासून ते माझ्याकडंच राहतात, पण महिन्यातून एकदा त्यांना गाव दाखवून आणावं लागतं. कन्नड सोडल्यावर एका फाट्यावर उसाच्या रसासाठी गाडी थांबवली. इंजिन चालूच होतं.

"ते लाल काय पेटलं माय?" आबांनी विचारलं.

समोर तेलाच्या डब्याचं लाल चित्र लुकलुकत होतं. मी गाडी बंद केली. बॉनेट उघडून तेलाची पट्टी काढून बघितली. तेल पुरतं भरलेलं होतं. मेकॅनिकला फोन लावला.

"वायरिंगचं असंल मॅडम. हळूहळू घेऊन या, काय होत नाही."

तेल आहे आणि तरी ते पोचत नाही, असा त्या दिव्याचा अर्थ होता. जनावराच्या अंगात रक्त आहे आणि नाडी लागत नाही, अशा वेळी मी त्याला चालवत नेत नाही. मी गाडी टो करून आणली. एवढ्याशा दिव्यासाठी मॅडमनी क्रेन लावली म्हणून मेकॅनिक हसला. दुसऱ्या दिवशी मात्र त्यानं इंजिनाच्या तळाचं चेंबर खोललं आणि त्याचं हसू थांबलं. चेंबरमध्ये तेल उचलून घेणाऱ्या नळीच्या तोंडाशी एक जाळी असते. तिची भोकं दिसतच नव्हती. तिच्यावर काळा, चिकट, अर्धवट वाळलेला थर बसला होता. मी बोट घालून पाहिलं. डांबर आणि खरवड यांच्या मधलं काहीतरी होतं ते.

"गाडीचं वय झालं," तो म्हणाला. "इंजिन काम काढावं लागंल, सगळं खोलून. नायतर आत्ताच विकून टाका, गिऱ्हाईक मी देतो."

"पण हे झालं कशानं?"

"जुन्या गाडीत होतंच."

"तुम्ही तेल कुठलं टाकता?"

"जाड. जुन्या इंजिनाला जाडच लागतं, पतलं तेल टिकत नाही."

आबा दाराजवळच्या बाकावर बसले होते. ते गॅरेजात माझ्याबरोबर नेहमी येतात आणि मी चहा पीत असते तेव्हा ते बघत असतात. ते सावकाश म्हणाले, "डबा फोडताना कधी दिसला नाय मला. मागल्या बारीला बी पिंपातनंच काढलं यानं."

मेकॅनिकनं वळून पाहिलं. "आजोबा, पिंपात पण तेलच असतंय."

"व्हय, तेलच असतंय," आबा म्हणाले. घरी येताना त्यांनी सांगितलं की मेंढरांचं जंताचं औषध घ्यायला ते तालुक्याला जायचे, तेव्हा फोडलेलं पाकीट कुणी फुकट दिलं तरी हातात घेत नव्हते.

त्या संध्याकाळी मी गाडीसोबत मिळालेलं पुस्तक पहिल्यांदा उघडलं. कुठल्या ग्रेडचं तेल घालायचं ते त्यात स्पष्ट लिहिलं होतं आणि ते जाड नव्हतं. धुळीचा रस्ता, थोडं अंतर, उभ्या गाडीत इंजिन चालू ठेवणं, यातलं काही असेल तर तेल नेहमीच्या निम्म्या अंतरावर बदला, असंही लिहिलं होतं. यातलं काहीतरी नव्हे, सगळंच मी करत होते. पुढचा आठवडाभर मी दवाखान्यात जेवणाच्या सुट्टीत तेलावरच वाचत बसले. साधं तेल उष्णतेनं लवकर बिघडतं, घट्ट होतं, त्याची खरवड धरते. सिंथेटिक तेल त्याच उष्णतेत जास्त टिकतं, गार इंजिनातही पटकन वर पोचतं. त्यात मिसळलेली औषधं, मी त्यांना औषधंच म्हणते, घाण बसू न देता तेलातच तरंगत ठेवतात, म्हणजे तेल काढलं की घाणही बाहेर जाते. हे कळायला मला पाच वर्षं लागावीत याचा मला राग आला. मेकॅनिकचा कमी, स्वतःचा जास्त.

मी सीलबंद डबा विकत घेतला, नवा फिल्टर घेतला आणि गॅरेजला गेले. इंजिन काम नको, चेंबर आणि जाळी तेवढी धुवा, असं मी सांगितलं होतं; ती त्यानं धुऊन लावली होती.

"हे टाका."

त्यानं डबा फिरवून पाहिला. "सिंथेटिक? मॅडम, हे नव्या गाड्यांचं. या गाडीला टाकलं तर सगळीकडनं गळंल. इंजिन बसलं तर मला बोलू नका."

"नाही बोलणार."

"मी एकदा भाऊंशी बोलतो," तो म्हणाला आणि माझ्यासमोर त्यानं माझ्या भावाला फोन लावला.

माझा भाऊ माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान. बिडकीनजवळच्या एका कंपनीत नोकरीला आहे. त्याच्या शाळेच्या फीपासून मोटारसायकलपर्यंत मी बघितलेलं. गाडी माझी, नावावर माझ्या, चालवते मी, आणि तेलाची परवानगी त्याच्याकडं मागितली जात होती. मेकॅनिकनं फोन माझ्या हातात दिला.

"आक्का, कशाला त्याच्याशी वाद घालतीस? त्याला कळतंय त्यातलं."

"तुला कळतंय का?"

"मला काय त्यातलं कळणार?"

"मग फोन ठेव."

मेकॅनिकनं शेवटचा उपाय काढला. "मग लिहून द्या. माझी जबाबदारी नाय."

मी त्याच्याच बिलाच्या पुस्तकातला कागद घेतला. लिहिलं की या तेलामुळं इंजिनाला काही झालं तर जबाबदारी माझी. खाली सही केली. मग त्याच कागदावर लिहिलं की तेलाचा सीलबंद डबा मालकिणीसमोर फोडला आणि सगळं तेल इंजिनात टाकलं, आणि कागद त्याच्यापुढं सरकवला.

"आता तुम्ही सही करा."

"ही कशाला?"

"तुम्हाला माझी लागते, मला तुमची लागते."

त्यानं बराच वेळ पेन बोटांत फिरवलं. सही केली. मी खुर्चीवर बसले नाही. शेवटचा थेंब पडेपर्यंत बॉनेटला टेकून उभी राहिले. लाल दिवा विझला तो विझलाच.

पण पंधरा दिवसांनी आमच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये फरशीवर तेलाचे डाग दिसले. गाडी घेऊन गेले तर मेकॅनिकचा चेहरा उजळला होता. "बोललो होतो का नाय? जोडांमधल्या जुन्या पॅकिंगा कडक झालेल्या असतात. घाणीनं फटी बुजलेल्या होत्या. हे तेल घाण सोडवतंय, म्हणून गळतंय. आता परत जाडावर या."

खरं सांगायचं तर त्या दिवशी मी डगमगले. त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. पण तेच त्याच्या तोंडून ऐकल्यावर मला उत्तर सापडलं.

"म्हणजे आजवर गाडी घाणीच्या जिवावर चालली होती," मी म्हटलं. "घाण ठेवायची नाही मला. पॅकिंग बदला."

त्यानं इंजिनाच्या माथ्यावरचं टॅपेट कव्हर काढलं. आत सगळीकडं काळी खपली. तो म्हणाला, डिझेल घालून धुऊन काढू, एका तासात साफ होईल. मी नको म्हटलं. खपल्या एकदम सुटल्या तर परत जाळीत जाऊन अडकतील. जितकं हळू साचलं तितकं हळू निघू दे. मी फोनवर फोटो काढला, पॅकिंग बदलून घेतलं आणि ठरवलं की सुरुवातीला तीन-चार वेळा तेल लवकर बदलायचं, प्रत्येक वेळी फिल्टर नवा. पहिल्या वेळी जे तेल निघालं ते कोळशासारखं काळं होतं. मेकॅनिकला ते तेल खराब असल्याचा पुरावा वाटलं. मला ते काम करत असल्याचा.

याच काळात एका रविवारी भाऊ एका माणसाला घेऊन आला. मी वर स्वयंपाक करत होते. आबा खाली पार्किंगमध्ये उन्हाला बसले होते. खालून त्यांचा आवाज आला, तेव्हा मी गॅस बंद करून खाली गेले. तो माणूस गाडीभोवती फिरून टायर दाबून बघत होता. आबा भावाला म्हणत होते, "गाडी तिची हाय. मालकीण वर हाय, तिला इचार. माझ्याम्होरं कशाला आणलंस?"

"इंजिन काम निघालंय म्हणे," तो माणूस मला म्हणाला.

"कोण म्हणे?"

भावानं दुसरीकडं पाहिलं.

"निघालेलं नाही," मी म्हटलं. "आणि गाडी विकायची नाही. चहा घेऊन जा."

तो माणूस चहा न घेताच गेला. भाऊ मात्र थांबला, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्याशी चढ्या आवाजात बोलला. "हट्टापायी इंजिन बसवशील, आक्का. चांगली किंमत आली असती."

"बसलं तर माझं बसंल. तू माझ्या गाडीला गिऱ्हाईक आणायचं नाहीस."

तो महिनाभर बोलला नाही. मीही फोन केला नाही. आबांनी दोघांत पडायचं टाळलं, पण त्या महिन्यात ते रोज सकाळी खाली जाऊन गाडीखालची फरशी बघून यायचे आणि वर येऊन एवढंच सांगायचे, "कोरडी हाय."

चौथ्यांदा तेल बदललं तेव्हा टॅपेटची सेटिंग, म्हणजे झडपांची फट, करायची होती, म्हणून कव्हर परत उघडलं. मी आबांना घेऊन गेले होते. मेकॅनिकनं कव्हर बाजूला ठेवलं, बॅटरी मारली, मग फडक्यानं हात पुसून परत बॅटरी मारली. आत धातू दिसत होता. मधासारखी पिवळसर झाक होती, मागच्या एका कोपऱ्यात थोडी खपली अजून धरून होती, बाकी स्वच्छ. मी फोनमधला जुना फोटो त्याच्यासमोर धरला.

"बरं निघालंय," तो म्हणाला. थोड्या वेळानं म्हणाला, "पण हे नुसत्या तेलानं नाय मॅडम. तुम्ही टायमावर बदलता म्हणून."

"तेही खरं आहे," मी म्हटलं, कारण ते खरंच होतं. "पण पिंपातलं तेल टायमावर बदललं असतं तर निघालं असतं का?"

फडकं खांद्यावर टाकून तो टॅपेटला लागला.

भाऊ आता पूर्वीसारखा येतो. मागच्या सणाला त्याची बायको-पोरं माझ्याच गाडीतून गावाला आली. त्यानं गाडीचा विषय काढला नाही, मीही नाही. मेकॅनिक मी बदललेला नाही. लोक विचारतात, का? कारण हात त्याचा चांगला आहे, आणि दुसरीकडं गेले तर मला पुन्हा पहिल्यापासून खुर्चीवर बसवतील. इथं निदान सगळ्यांना माहीत झालंय की या बाई उभ्या राहतात. परवा तो कुणालातरी सांगत होता, "त्या मॅडम लई प्रश्न विचारतात." मला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. मी म्हटलं, "विचारणारच."

इंजिन एक दिवस जाईल, हे मला माहीत आहे. यंत्र आहे, झिजणार. तेलानं ते अमर होईल असं कुणी म्हटलेलं नाही, मी तर नाहीच. पण ते जाईल तेव्हा माझ्या निर्णयानं चाललेलं इंजिन जाईल, आणि त्या दिवशीही चेंबर मी माझ्या डोळ्यांसमोर खोलायला लावीन.