कोरं बोट
यंदा रामदासपेठेत मतदान करताना बोटाला शाई लागली आणि तिच्या उग्र वासानं मला थेट काटोल रस्त्यावरच्या एका खेड्यातल्या शाळेत नेऊन बसवलं. आमचा तो ग्रामीण मतदारसंघ पुढे पुनर्रचनेत मोडला. त्याच्या शेवटच्या निवडणुकीत मी, नवखी शिक्षिका, मतदारयादीवर खुणा करत होते. वर्गात खडूची धूळ होती, आवारात सोललेल्या संत्र्यांचा वास. दुपारी एक म्हातारी आली, तर तिच्या नावावर खूण आधीच झालेली. कुणीतरी तिच्या नावानं मत टाकून गेलं होतं. "झालं यांचं, पाठवा घरी," केंद्राध्यक्ष म्हणाले. तिनं डावा हात माझ्या टेबलावर ठेवला. "हे बोट पाह्य वं, कोरं हाय. मंग माह्यं मत कोनं टाकलं?" मी नियमपुस्तिका उघडून साहेबांपुढे धरली. अशा मतदाराला मशीनवर मत देता येत नाही, पण कागदी मतपत्रिका द्यावीच लागते. त्यांनी ती दिली. तिनं शिक्का मारला, मतपत्रिका पाकिटात बंद झाली. "मोजतीन ना वं हे?" खोटं बोलणं मला तेव्हाही जमत नव्हतं. "नाही आजी. कोर्टानं मागितलं तरच." तिनं माझ्या पेनाकडे बोट केलं. "नाही मोजलं त राहू दे. मी आली होती, हे त लिहून ठेव." मी वेगळ्या यादीत तिचं नाव लिहिलं, तिनं पुढे अंगठा उठवला. त्या मतदारसंघात कोण कितीदा निवडून आलं, हे लोक आजही घडाघडा सांगतात. मी मात्र तिथल्या एकाच मताची छातीठोक खात्री देते, आणि ते कुठल्याच बेरजेत नाही.