रांबुतानचं एकुलतं झाड

आमच्या वाडीत पंधरा वर्षांचं एक झाड आहे. त्याला आजवर एकही फळ धरलेलं नाही आणि धरणारही नाही. हे मला ठाऊक आहे, माझ्या धाकट्या जावेला ठाऊक आहे. ज्यांच्यामुळे ते झाड इथे आलं, त्या माझ्या यजमानांना मात्र ठाऊक नाही.

आम्ही दोघं केरळला फिरायला गेलो होतो. मी तेव्हा पंचावन्नची, म्हणजे आजच्या मानाने पोरच, आणि अक्कलही पोरीएवढीच. तिथे एका घराच्या परसात ह्यांनी रांबुतान पाहिलं. लाल फळ, केस पिंजारून बसलेल्या लिचीसारखं, आत पांढरा गोड गर. आमच्या पापडी गावच्या वाडीवाल्याला परमुलखातलं चांगलं फळ मिळालं की तो पोटभर खात नाही, आधी बी मागतो. ह्यांनी मागितलं. घरमालकाने फळांची करंडीच दिली. परतीच्या गाडीत ती ह्यांच्या मांडीवरून हलली नाही. वरच्या बर्थवरून मी हात घातला तर हातावर चापट बसली.

घरी पोचेपर्यंत बारा फळं धड राहिली होती. हे म्हणाले, आजच बिया रुजत घालू. आणि इथे त्या पंचावन्नच्या बाईसाहेबांनी तोंड उघडलं. बी न वाळवता पेरायचं? माझं माहेरही वाडीवाल्यांचं. दुधी, पडवळ, शिराळी, वांगी, कसलंही बी असो, धुवायचं, कडकडीत वाळवायचं, राखेत घोळवून डब्यात भरायचं आणि दसऱ्यानंतर वाफे झाले की काढायचं. गावातल्या बायका माझ्याकडे बी मागायला यायच्या, त्याची मला केवढी मिजास. हे म्हणाले, अगं, फणसाची आठळी आपण ओलीच लावतो ना? मी म्हटलं, ही आठळी नाही, बी आहे. काय तर्क होता. आज ती बाई समोर आली तर तिला राखेत घोळवून डब्यात भरीन.

श्रावणातलं ऊन पुरेना, म्हणून आंघोळीच्या पाण्याच्या चुलीशेजारी सूप ठेवून मी त्या अकरा बिया चार दिवस वाळवल्या. अकरा, कारण बारावं फळ ह्यांनी माझ्या नकळत बावखलाच्या काठावर उभं राहून खाल्लं. बावखल म्हणजे वाडीतलं आमचं गोड्या पाण्याचं तळं. ते बी तिथेच केळीच्या बुंध्यात थुंकलं गेलं. दसऱ्यानंतर मी डबा उघडला, कुंड्या भरल्या, हळदकुंकूसुद्धा वाहिलं. त्या अकरा कुंड्यांतून कधी काही वर आलं नाही. रांबुतानचं बी वाळलं की मेलंच, हे मला फार उशिरा कळलं. केळीच्या चिखलात मात्र तांबूस पानांचं एक रोप उभं होतं. जाऊ म्हणाली, ताई, जांभूळ आहे हो. ह्यांनी पान चुरगळून पाहिलं, जांभळाचा वास नव्हता, परत पाहिलं, आणि त्या दिवशी जेवतानाही हात न धुता बसले.

मग आमच्या घरात तिसरं मूल आलं म्हणायचं. उन्हाळ्यात त्याला माडाच्या झापांची सावली, पावसात भोवती चर. पेंड, सुक्या मासळीचा कुटा. हे सकाळी चहाआधी त्याच्याकडे जात. मला हसू यायचं. लग्नानंतर मी रुसून बसायचे तेव्हा हा माणूस एवढ्या लवकर कधी उठला नव्हता.

अकराव्या वर्षी त्याला मोहोर आला. त्याच पावसाळ्यात ह्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, जीभ जड झाली. इस्पितळातून घरी आल्यावर ओट्यावर खुर्ची टाकून घेतली ती अशी, की समोर झाड दिसावं. पहिल्या मोहोराचं काहीच झालं नव्हतं. दुसऱ्या वर्षीचाही गळला. कुणी म्हणालं, बावखलाचं पाणी उन्हाळ्यात मचूळ होतं म्हणून. कुणी म्हणालं, दृष्ट. मी दोन्हींवर उपाय केले.

तिसऱ्या मोहोराला शेतीच्या कॉलेजातली एक मुलगी केळी बघायला आली होती. मी तिला झाडाखाली नेलं. तिने फांदी वाकवून भिंगातून फुलं पाहिली, एक फूल फोडलं, दुसरं फोडलं.

"आजी, हा नर आहे."

मी तिला हळू बोलायला सांगितलं. हे आत झोपले होते. मग तिने हळू सांगितलं की बियांपासून केलं की असं होतं, काही झाडं नुसती नर निघतात आणि मोहोर येईपर्यंत ओळखता येत नाही. म्हणून बियांची पुष्कळ रोपं करायची, त्यातली काही तरी फळतात. मी तिला त्या अकरा बियांबद्दल बोलले नाही. म्हातारीलाही थोडी लाज असते.

पपईत नर दिसला की दुसऱ्या दिवशी आम्ही कोयता चालवतो. इथे उपाय होता. कमरेएवढं ठेवून झाड छाटायचं, नव्या फुटीवर फळत्या झाडाचे डोळे भरून कलम करायचं, तीनचार वर्षं थांबायचं. म्हणजे ज्यांचा दिवस त्या झाडाकडे बघण्यात जातो, त्यांच्यासमोर ते तोडायचं, का ते सांगायचं, आणि आणखी चार वर्षं मागायची. डॉक्टर माझ्याशी महिन्यांच्या हिशेबात बोलत होते. मी त्या मुलीला चहा पाजला, केळ्यांचा फणा दिला आणि घरात येऊन भाजी निवडत बसले. हे उठल्यावर विचारते झाले, ती काय म्हणाली? मी म्हटलं, झाड निरोगी आहे म्हणाली. तेही खोटं नव्हतं.

त्या वर्षी दिवाळीत संध्याकाळचं सूर्यग्रहण आलं. आमच्याकडे न फळणाऱ्या झाडाला ग्रहणात मुसळाने मारतात. एकाने मारायचं आणि दरडावून विचारायचं, दुसऱ्याने झाडाच्या वतीने उत्तर द्यायचं. ह्यांच्या आईने एका फणसाला असं मारलं होतं आणि तो पुढे लागला, हे त्यांनी मला लग्न झाल्यापासून शंभरदा सांगितलं असेल. सकाळपासून त्यांनी एकच धरलं, मुसळ आण. आमचं कधीच सरपणात गेलं होतं. जावेकडून आणलं. ती देताना माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, "ताई, नराला मारून काय होणार हो?" मी म्हटलं, नरांना मारून कुणाचं काही झालंय का, पण चल.

आम्ही दोघींनी खुर्चीसकट त्यांना झाडापाशी नेलं. ऊन फिकट, आजारी माणसाच्या तोंडासारखं झालं होतं. उत्तर ते स्वतः देणार होते, दुसऱ्या कुणाला देऊ देईनात.

मी मुसळ मारलं. फार जोरात नाही. "देतोस की तोडू?"

"तोडू नको," हे म्हणाले. एकेक अक्षर ओढून आणावं लागत होतं. "पुढल्या वर्षी देतो."

दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा मारलं आणि मला पुढचे शब्दच सुचेनात. ज्या बाईने आयुष्यात कधी तोंड मिटलं नाही, ती मुसळ धरून उभी.

"विचार ना," हे म्हणाले.

मी विचारलं. त्यांनी परत शब्द दिला. मग डावा हात वर करून मला जवळ बोलावलं आणि हसले. हल्ली हसू एकाच बाजूला येतं.

"ऐकलंस ना? पुढल्या वर्षी म्हटलंय. आता वर्षभर मला इथून हलता येत नाही."

जाऊ केळीमागे जाऊन नाक शिंकरत बसली. मी मुसळ घेऊन घरात आले आणि दिवा लावायचा विसरून तशीच बसून राहिले.

ते वर्ष त्यांनी काढलं. डॉक्टरही जरा चकित झाले. त्यानंतरचंही काढलं. गोळ्या घेताना कुरकुर नाही, मऊ भात मुकाट्याने. दर फाल्गुनात मोहोर येतो, वाडीभर मधमाश्या होतात, आणि दर चैत्रात पायाखाली फुलांचा चुरा पडतो. तो मी ते उठायच्या आत झाडून टाकते. यंदा झाडू सापडेना, तेवढ्यात ते जागे झाले. खुर्चीतून बराच वेळ तो चुरा बघत राहिले.

मग म्हणाले, पंचांग काढ, पुढचं सूर्यग्रहण बघ.

मी चष्मा लावून शोधलं. सूर्यग्रहण होतं, पण भारतात दिसणार नाही, असं छापलं होतं. ज्याचं दर्शन नाही ते पाळायचं नसतं, हे त्यांना माझ्याहून चांगलं माहीत.

"आहे का?"

"आहे," मी म्हटलं.

"कधी?"

मी पानं उलटत राहिले.