तीन पाण्यांनी धुतलेला पंप

माझा राग नाकाच्या शेंड्यावर. आता वय झालं तरी घरचे तेच म्हणतात, आणि तेव्हा तर मी पंचविशीतला, घाटावरून पालघरला नोकरीसाठी आलेला, संशोधन सहायक या पदाची नको तितकी ऐट असलेला. माकुणसारच्या एका पानमळ्यात मी बूट घालून तरातरा शिरलो, तशी आतून एक बाई कडाडली, "ओ साहेब, देवळातपन असेच जाता काय?"

नागवेलीच्या मळ्यात कुणी पायताण घालून जात नाही. मालकसुद्धा नाही. मला हे कुणी सांगितलं नव्हतं. मी फणफणत बाहेर आलो, बूट काढले, मोजे काढले आणि चिखलात अनवाणी उभा राहिलो. तेव्हा ती म्हणाली, "हां, आता बोला."

ती मळ्याची मालकीण. नवरा गेल्यापासून मळा एकटीने सांभाळत होती. मुलगा बोईसरला कारखान्यात पाळीवर जायचा, आठवड्यातून एकदा घरी यायचा. वेलीला कधी पाणी, कधी खत, कुठलं पान खुडायचं, हे विचारायला अख्खी आळी तिच्याकडे यायची. पुढे मी तिला मावशी म्हणायला लागलो. पण त्या दिवशी मनातल्या मनात तिला बरंच काही म्हणालो होतो.

मी गेलो होतो तळ्यासाठी. तिच्या मळ्याला लागूनच गावाचं तळं होतं, आणि ते जलपर्णीने गच्च भरलं होतं. जांभळी फुलं दिसायला छान, पण खाली पाण्याचा टिपूस दिसत नव्हता. बायकांना धुणं धुवायला जागा नाही, मासळी गेली, पाणी ओढायला पंप लावला की मुळांचा गुंता आत. गावाने दोनदा सगळी जलपर्णी उपसून काठावर टाकली. दोन्ही वेळा पावसाळ्यात पुन्हा जैसे थे.

आमच्या ऑफिसकडे दोन उपाय होते. एक तणनाशक, टू-फोर-डी. झटपट काम. पण ते रुंद पानाच्या झाडांना मारतं, आणि नागवेल रुंद पानाचीच. तळ्याचं पाणी मळ्याला जाणार, म्हणजे तिथे ते मारणं शक्यच नव्हतं. ते आम्ही बोईसरच्या वाटेवर, विटांसाठी माती काढून पडलेल्या एका खड्ड्यात मारून बघणार होतो. तळ्यासाठी दुसरा उपाय होता, भुंगेरे. दक्षिणेतल्या एका प्रयोगशाळेतून आलेले, मुगाएवढे, सोंड असलेले, मातकट रंगाचे. ते फक्त जलपर्णी खातात, दुसरं काही नाही.

"दुसरं काय खात नाय, हे तुमाला किड्यांनी सांगितलं?" मावशीने विचारलं.

मी पुन्हा भडकलो. पाच मिनिटं तावातावाने बोललो. तिने ऐकून घेतलं, घरात गेली, लोणच्याची रिकामी बरणी आणली, मळ्यातली चार कोवळी पानं त्यात घातली. "सोडा तुमचे दहा किडे हिच्यात. माझ्या खिडकीत ऱ्हाऊ दे." तोंडाला फडकं बांधून बरणी खिडकीत ठेवली. ती रोज नवी पानं घालायची. भुंगेरे एकेक करून उपाशी मेले, पण पानाला एक ओरखडा नाही. मग तिनेच गावाला सांगितलं, की सोडू द्या. गावाने माझं ऐकलं नसतं. तिचं ऐकलं.

दिवाळीनंतर आम्ही भुंगेरे सोडले. सहा महिने काही दिसेना. पानांवर बारीक खरवडल्यासारखे चट्टे, बस. गावात माझं नाव पडलं किडेवाला साहेब. मी गेलो की कुणीतरी विचारायचंच, "जेवले का तुमचे पावने?" मला राग यायचा आणि मावशी हसायची.

आणि मग माझ्या हातून घडायचं ते घडलं.

ऑफिसात फवारणीचा पाठीवरचा पितळी पंप एकच होता. त्याच्यावर पांढऱ्या रंगात ऑफिसचं नाव आणि नंबर घातलेला. त्याच पंपाने मी विटांच्या खड्ड्यावर तणनाशक मारायचो. तणनाशकाचा पंप वेगळा ठेवावा. नाहीच जमलं तर धुण्याचा सोडा घालून रात्रभर पाणी भरून ठेवावं आणि मगच दुसऱ्या कामाला घ्यावा. हे मीच माकुणसारच्या शाळेत शेतकऱ्यांना बोलावून, फळ्यावर लिहून शिकवलं होतं.

श्रावणात मळ्यात पानं सडायला लागली. मोरचूद-चुन्याचं पाणी लगेच फवारायला हवं होतं. मावशीच्या पंपाचा वॉशर गेलेला, मुलगा बोईसरहून आणणार होता पण त्याची पाळी बदलली. पावसाने एकच दिवस उघडीप दिली. तिने निरोप पाठवला, तुमचा पंप द्या. जिने माझ्या भुंगेऱ्यांना खिडकीत जागा दिली तिला मी नाही कसा म्हणू? सोडा घालून रात्रभर ठेवायला वेळ नव्हता. नळाखाली तीनदा खळखळून धुतला, सायकलला बांधला आणि भर दुपारी गावातून नेऊन तिच्या दारात ठेवला.

"धुतलाय ना?"

"तीन पाण्यांनी, मावशी."

आठ दिवसांनी मी गेलो तर मळ्याच्या दारात माणसं जमलेली. बूट काढून आत गेलो. वेलींचे शेंडे दोरीसारखे पिळवटलेले. नवी पानं आक्रसून वाटीसारखी झालेली. असली पानं मी खड्ड्याच्या काठावर रोज बघत होतो. पण गावाचं म्हणणं एकच, तळ्यातले किडे मळ्यात शिरले. आज पान खाल्लं, उद्या भात खातील. दुसऱ्या दिवशी तळ्यात कीटकनाशक ओतायचं ठरलं.

माणसं पांगली. मावशी एक पिळवटलेलं पान हातात घेऊन बसली होती. "किडे नाय हे," ती म्हणाली. "माझ्या खिडकीत उपाशी मेले, पन पान नाय खाल्लं. तुमी शिकलेले, तुमी सांगा."

गप्प राहिलो असतो तर मी सुटत होतो. भुंगेरे मेले असते, तळं तसंच राहिलं असतं, पण माझ्याकडे कुणी बोट दाखवलं नसतं. खोटं कशाला सांगू, हा हिशेब माझ्या डोक्यात होऊन गेला. मग म्हणालो, "पंप, मावशी. मी सोड्याने धुतला नव्हता."

तिने समोरची पानांची टोपली लाथेने उडवली. "बाहेर पायातलं काडून ठेवतोस, आनि इख आत धाडतोस? जा इथून!" पहिल्यांदाच ती मला अरे-तुरे करत होती. मी बूट हातात घेऊनच रस्त्यापर्यंत गेलो.

दुसऱ्या दिवशी तळ्यावर गेलो तो सगळं कबूल करायचं ठरवूनच. काठावर औषधाचा डबा आलेला, पंचवीस-तीस माणसं उभी. मी तोंड उघडणार एवढ्यात मावशी गर्दीतून पुढे आली आणि डब्यावर पाय ठेवून उभी राहिली.

"किड्यांनी काय केलं नाय," ती म्हणाली. "पंप मागून आनला तो मी. त्यात तन मारायचं औषद होतं. सोड्यानं धुवा, असं साहेबांनी शाळेत शिकवलेलं. मी नाय धुतला. माजी चूक. डबा न्या."

"मावशी, पण..." मी म्हणालो.

"तुमी गप ऱ्हावा."

मी गप्प राहिलो. आयुष्यात मला कुणी गप्प करू शकलं नाही, पण त्या दिवशी राहिलो. मागाहून तिला विचारलं, का असं केलंत? ती वैतागून म्हणाली, "तू बोलला असतास तर तुला हाकलला असता. मंग तुजे किडे कोन बगनार? मला तळ्याचं पानी पायजे."

बिघडलेले शेंडे छाटायचे, वेल खाली उतरवून मातीत गाडायची, म्हणजे नवा फुटवा येतो. त्या मोसमातले सगळे रविवार मी तिच्या मळ्यात अनवाणी घालवले. मजुरासारखी माती उपसली आणि तिच्या शिव्या खाल्ल्या. वेली वाचल्या. निम्म्या तरी.

तळं मोकळं व्हायला तीन वर्षं लागली. भुंगेऱ्यांच्या अळ्यांनी जलपर्णीचे देठ आतून पोखरले, झाडं खुजी झाली, तपकिरी पडून बुडायला लागली. उरलेली कुजकी गावाने ओढून काढली. निम्मं काम किड्यांचं, निम्मं गावाचं. अहवालात मी फक्त किड्यांचं लिहिलं. पुढे याच कामावर मला बढती मिळाली.

पण एक गोष्ट खुपत राहिली. मी गावात गेलो की तळ्यावर धुणं धुणारी मावशीची शेजारीण हमखास ओरडायची, "काय गो, पंप धुतला का?" सगळ्या बायका हसायच्या. मावशीही हसायची. ज्या बाईला अख्खी आळी वेलीचं विचारायला यायची, तिची ही थट्टा. आणि दर वेळी मी सायकल पुढे दामटायचो.

नव्वद साल उलटून गेल्यावर माझी बदली झाली. निरोप घ्यायला गेलो. तळ्यात आभाळ दिसत होतं. मावशी काठावर पानं धूत बसलेली. शेजारणीने मला बघितलं आणि हाळी दिली, "काय गो, पंप धुतला का?"

त्या दिवशी नाही राहवलं. मोठ्याने म्हणालो, "तो पंप मी धुतला होता. नुसत्या पाण्याने. चूक माझी होती, मावशीची नाही!"

धुणं थांबलं. शेजारणीने हातातलं लुगडं पिळलं, झटकलं. मग म्हणाली, "म्हाईत हाय आमाला, साहेब. भर दुपारी सायकलवरून आनला तुमी. त्याच्यावर पांढऱ्या अक्षरात तुमच्या ऑफिसचं नाव. आमाला काय डोळे नाय?"

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"ती म्हनली ना, मीच नाय धुतला म्हनून. मंग आमी कशाला बोलू?" आणि पुढचा कपडा दगडावर आपटत म्हणाली, "पन तुमी आलात की दर खेपेला इचारत होतो की, पंप धुतला का म्हनून. तुमीच कवा बोलला नाय."

मला रडू आलं. चांगलं ढसाढसा रडलो त्या बायकांसमोर. कुणी हसलं नाही. मावशीने ओल्या हातानेच पान लावलं, माझ्यापुढे धरलं आणि म्हणाली, "खा आता." चुना जरा जास्त झाला होता, जीभ भाजली. मी खाल्लं तसंच.