शिलकीचा अर्थसंकल्प

सानगडीच्या पुढं एका धानाच्या गावात मी एक टर्म सरपंच होते. त्यातलं एक वर्ष अजून घशाखाली उतरत नाही.

त्या वर्षी आमच्या ग्रामपंचायतीचा अर्थसंकल्प तालुक्याहून परत आला. अर्ध्या गावाची घरपट्टी थकलेली, वरचं अनुदान आलेलं नाही, म्हणून खर्च जास्त दिसत होता. तिथले साहेब म्हणाले, "तुटीचा चालत नाही, बाई. नियम आहे. कुठंतरी कापा."

"अन् वरचं सरकार कर्ज काढून चालवते, ते कसं चालते?"

"त्यांचं ते पाहतील."

कापण्यासारखं होतं तरी काय? दिवाबत्ती, ब्लीचिंग पावडर आणि पाणीवाला. बैठकीत सगळे पाणीवाल्यावर आले. रोज मोटर चालू करणारा, वॉल्व्ह सोडणारा माणूस. सांगायचं काम माझ्याकडं आलं.

तो दारातच उभा राहिला. "मले काहून काढता, सरपंचबाई? घरपट्टी मी बुडवली काय?"

त्याची भरलेली होती. ज्यांची थकली होती, त्यातले दोघं बैठकीत बसून त्याला काढा म्हणाले होते.

अर्थसंकल्प मंजूर झाला, शिलकीचा. साहेबांनी शाबासकी दिली.

मोटर सदस्यांनी पाळीपाळीनं चालवायची ठरली. उन्हाळ्यात एक जण ती सुरू करून तेंदूपत्ता तोडायला जंगलात गेला. विहिरीतलं पाणी संपलं, मोटर कोरडीच फिरत राहिली आणि जळली. दुरुस्तीचा खर्च काढायला गल्लीतले दिवे बंद केले. बायका हंडे घेऊन बोडीवर, शेताकडच्या लहान तळ्यावर, जाऊ लागल्या. माझ्या दारावरून जाताना मान वळवायच्या.

त्याच सुमारास तालुक्याला एका मोठ्या सरकारी इमारतीचं भूमिपूजन झालं. पैसा कर्जाचा, हे भाषणात छाती फुगवून सांगितलं. घरी आल्यावर आमचे हे म्हणाले, "तुटीचा चालत नाही, हा कायदा वरच्यांनाही लावला पाहिजे."

मीही आधी तेच म्हणायची. आता विचारलं, "लावला तर ते पहिले कोणाले काढतील?"



पुढं साकोलीच्या बसस्टँडवर पाणीवाला भेटला. नागपुरात एका बिल्डिंगवर चौकीदार झाला होता. मी म्हटलं, "अनुदान आलं आहे. परत या."

"कायले? पुढच्या साली पुन्हा काढसान."

नागपूरची गाडी लागली. तो पिशवी उचलून चढला.