दिग्दर्शकाच्या रकान्यात माझंच नाव

डॉ. गिरिजा कोरीशेट्टी यांची आणि माझी पहिली भेट मी पडता पडता झाली. आमचं विद्यापीठ मठाचं. सभागृहाच्या मंचावर मठाच्या संस्थापकांची गादी आहे आणि तिला कुणी पाठ दाखवायची नाही, हा तिथला रिवाज. वक्ते तिरपे उभे राहून बोलतात, बक्षीस घेणारे उलट्या पावलांनी खाली उतरतात. राधानगरीजवळच्या वाडीतून बी.ए.ला आलेली मी, स्वागत समारंभात गुलाबाचं फूल घेऊन तशीच उतरताना पायरी चुकले. मागून कुणीतरी दंडाला धरलं. "हळू गं. मागं डोळं नस्त्यात आपल्याला," एवढंच म्हणून त्या बाजूला झाल्या. त्या मराठी विभागाच्या प्राध्यापक आहेत, हे दुसऱ्या दिवशी तासाला कळलं. सगळे त्यांना बाई म्हणत. मीही म्हणू लागले, ते आजतागायत.

बाईंच्या पंचाहत्तरीच्या या ग्रंथात त्यांच्या संशोधनाविषयी अधिकारी मंडळी लिहितीलच. सीमाभागातल्या जात्यावरच्या ओव्या त्यांनी गावोगाव फिरून गोळा केल्या, मराठी आणि कानडी दोन्ही, हे सर्वांना ठाऊक आहे. मी सांगणार आहे ते त्यांच्या पेन्सिलीविषयी. बाई आमचे निबंध तपासत, पण एकही वाक्य स्वतः दुरुस्त करत नसत. खटकलेल्या जागी पेन्सिलीनं एक प्रश्नचिन्ह काढत. "बाई, इथं काय लिहू?" असं विचारलं की म्हणत, "मला म्हाईत असतं तर मीच न्हाय का लिहिलं असतं?" आम्हाला तेव्हा हा आळशीपणा वाटे. वसतिगृहात आम्ही त्यांची नक्कलही करत असू, आणि ती मी सर्वांत चांगली करत असे, हे आज कबूल करायला हरकत नाही.

दुसऱ्या वर्षी दिवाळीपूर्वी वसतिगृहात कावीळ पसरली आणि सगळ्यांना घरी पाठवलं. माझी परीक्षा तोंडावर होती. बाईंनी मला मंगळवार पेठेतल्या आपल्या घरी नेलं. विचारलं नाही, पिशवी उचलली आणि चालू लागल्या. घरात त्या आणि त्यांच्या आई, दोघीच. आईंना त्या अव्वा म्हणत आणि त्यांच्याशी कानडीत भांडत. तिथं मी तीन आठवडे राहिले. संध्याकाळी बाई भाकरी थापत आणि मला ओट्याशेजारी बसवून म्हणत, "वाच." मी चोरून एक नाटक लिहीत होते, हे त्यांना कसं कळलं कोण जाणे. बघायला आलेल्या पाहुण्यांसमोर एक मुलगी वडिलांना पहिल्यांदा 'नाही' म्हणते आणि घराबाहेर पडते, असं ते नाटक. अव्वांना मराठी बेताचं कळे, पण मुलगी 'नाही' म्हणाली तेव्हा त्या जपमाळ थांबवून मोठ्यानं काहीतरी बोलल्या. बाई हसल्या. "अव्वा म्हणतीया, पोरीनं जेवून तरी जायचं."

हे नाटक सभागृहात करायचं आणि दिग्दर्शन मी करायचं, असं मी ठरवलं. तोवर मठाच्या विद्यापीठात विद्यार्थ्यानं नाटक बसवल्याचं कुणाला आठवत नव्हतं. स्थापनादिनाला एक पौराणिक प्रवेश होई आणि तो मठातले शास्त्रीबुवा बसवत. बाईंनी माझा प्रस्ताव विद्यार्थी कल्याण समितीपुढं ठेवला. मठाचे व्यवस्थापक, ज्यांना सगळे अण्णा म्हणत, त्यांनी तो वाचला आणि चष्मा काढला. "नाटकाला आमची ना न्हाय. पण बापाला उलट बोलणारं नाटक एका पोरीनं बसवलं म्हटल्यावर उद्या आमाला कोण इचारणार? दिग्दर्शक म्हणून मॅडमचं नाव घाला. काम पोरं करू देत की."

बाई म्हणाल्या, "नाटक ती बसवणार हाय. नाव तिचंच राहील." आणि उठल्या.

मी मात्र रडकुंडीला आले होते. नाव कुणाचंही असो, नाटक झालं पाहिजे, एवढंच मला दिसत होतं. दुसऱ्या दिवशी मी नवा अर्ज भरला, दिग्दर्शकाच्या रकान्यात बाईंचं नाव लिहिलं आणि त्यांना न सांगता कार्यालयात दिला. तासाभरात मंजुरीचा शिक्का बसला. आनंदानं तो कागद घेऊन मी विभागात धावले.

बाईंनी तो दोनदा वाचला. चेहऱ्यावर राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. "माझं नाव मला न इचारता लिहिलंस ते राहू दे," त्या म्हणाल्या, "पण तुझं खोडलंस ते कुणाला इचारून?" मग कागद घेऊन त्या स्वतः कार्यालयात गेल्या, माहिती चुकीची आहे असं लिहून दिलं आणि मंजुरी रद्द करून आल्या.

मी त्यांच्याशी बोलणं टाकलं. सव्वा महिना. हाती आलेलं नाटक या बाईंनी आपल्या हट्टापायी घालवलं, असं मी वसतिगृहात सगळ्यांना सांगत फिरले. त्या काळातही माझ्या निबंधांवर पेन्सिलीची प्रश्नचिन्हं येत होती. त्याच वर्षी बाई अधिष्ठाता होणार असं सगळे म्हणत होते. त्या झाल्या नाहीत. कारण कुणी सांगितलं नाही. मी विचारायला हवं होतं, आणि विचारलं नाही, याची खंत मला आजही आहे.

शेवटी बाईंनी प्रस्ताव थेट मठाच्या प्रमुखांकडे, स्वामीजींकडे नेला. मलाही निरोप आला. आम्ही दोघी खाली बसलो. स्वामीजींनी शांतपणे विचारलं, "नाटक कुणाचं?" मी बाईंकडे पाहिलं. बाई खिडकीबाहेरच्या नारळाकडे पाहत होत्या, जणू त्यांचा या गोष्टीशी काडीचा संबंध नाही. मग माझ्याच तोंडून निघालं, "माझं आहे."

"मग गादीचं काय करणार? तुमची माणसं लोकांकडं तोंड करून बोलणार. म्हणजे गादीला पाठ."

याचं उत्तर माझ्याकडे होतं, कारण मंजुरी गेल्यावरही आम्ही हट्टानं वर्गात चालू ठेवलेल्या तालमीत हा घोटाळा आधीच होऊन गेला होता. मठाच्या शाळेतून आलेली आमची नायिका रागानं घर सोडून निघण्याच्या प्रसंगी, सवयीनं, हात जोडून उलट्या पावलांनी बाहेर गेली होती. ती वर्गातली तालीम, तिथं गादीही नव्हती! दारातून ते बघणाऱ्या बाई, आमचा अबोला विसरून, बोलून गेल्या होत्या, "ही घर सोडून चाललीया का आरती करून?" सगळे हसले, मी सोडून. पण त्या दिवसापासून मी वहीत सभागृहाचे आराखडे काढत होते. स्वामीजींना मी म्हणाले, "मंच वापरायचाच नाही. नाटक खाली, मधल्या मोकळ्या जागेत. लोक दोन्ही बाजूंना, एकमेकांकडे तोंड करून. गादी एका टोकाला, जिथं आहे तिथंच. पाठ कुणाचीच होणार नाही. आणि घर सोडणारी मुलगी बाजूच्या दारानं जाईल." स्वामीजी हसले. "म्हणजे गादीही नाटक बघणार तर," म्हणाले आणि अर्जावर सही केली. दिग्दर्शकाच्या रकान्यात माझं नाव होतं.

जिना उतरताना मी बाईंचे पाय धरले. "उठ. तालमीला उशीर हुतोय," म्हणाल्या.

नाटकाच्या दिवशी सभागृह भरलं. अण्णाही आले होते आणि वडिलांच्या भूमिकेतल्या मुलापेक्षा तेच जास्त घामाघूम झाले होते. मी सारखी बाईंना शोधत होते. त्या आत नव्हत्याच. नाटक संपल्यावर बाहेर आले तर बाई दाराशी स्टुलावर, लोकांच्या चपला राखत बसलेल्या. "बाई, तुम्ही बघितलंच नाही?" मला रडूच फुटलं. "ऐकलं की समदं," त्या म्हणाल्या. "मी आत असल्यावर पोरं माझ्या तोंडाकडं बघत बसली असती. तू बी." त्यानंतर निवृत्तीपर्यंत विद्यार्थ्यांची जितकी नाटकं झाली, ती सगळी बाईंनी त्या स्टुलावर बसून ऐकली. एकही पाहिलं नाही.

आता त्याच विभागात मी शिकवते. बाईंच्या सत्काराला मुलं नाटक करणार आहेत. या वेळी तरी त्यांनी आत बसावं म्हणून मी फोन केला. त्यांनी विचारलं, "दिग्दर्शन कुणाचं?"

"दुसऱ्या वर्षाच्या अश्विनीचं."

"मग मला काय इचारतीस? तिला इचार की, मला आत घेतीया का."

मी अश्विनीला विचारलं. ती जरा घाबरली, विचारात पडली, मग म्हणाली, "पहिल्या रांगेत नको, मॅडम. मी त्यांच्याकडंच बघत बसेन. दुसऱ्या रांगेत चालतील." ज्यांचा सत्कार त्यांनाच दुसरी रांग! हे बाईंना कसं सांगावं, या विचारात मी दोन दिवस काढले. सांगितलं तेव्हा फोनवर त्या कितीतरी वेळ हसत राहिल्या. "शाब्बास," म्हणाल्या, "पोरगी दिग्दर्शक हाय."

बाई, आपल्या गुडघ्यांना बळ राहो, नव्या चष्म्यातून सगळं लख्ख दिसो, आणि आपण शंभरी ओलांडेपर्यंत दुसऱ्या रांगेतली ती खुर्ची आपल्याला दरवर्षी मिळत राहो. अर्थात, त्या त्या वर्षीच्या पोरीला विचारून.