गोरी होत चाललेली पोर

"आपणा छोकराओनुं लोही आ लोकोने केम अपाय?"

शेठाणी हे बोलली ती माझ्याकडे पाठ करून, आपल्या नवऱ्याला. मी तिथंच उभी होते, ओट्याखाली, चपला हातात घेऊन. आपल्या पोरांचं रक्त या लोकांना कसं द्यायचं म्हणे! चार वर्षं तिची भांडी घासली मी. मला गुजराती कळत नाही असं वाटलं काय तिला?

तिचे दोन्ही मुलगे झोपाळ्यावर होते. कॉलेजात जाणारे, चांगले धष्टपुष्ट. एकानंही मान वर केली नाही.

माझी पोर पाच वर्षांची. सरकारी दवाखान्यात आडवी पडलेली. दोन महिने दिवसाआड थंडी वाजून ताप यायचा. आमच्या डिंडोलीच्या वस्तीत तेव्हा घरोघरी मलेरिया. गोळ्यांनी ताप उतरायचा, आणि उतरला की आम्ही गोळ्या बंद करायचो. मग ती पांढुरकी दिसायला लागली. कामाला सोबत न्यायचे, तर हीच शेठाणी म्हणायची, "अमारी छाश पीने गोरी थई गई." आमचं ताक पिऊन गोरी झाली म्हणे! आणि मी खूश! पोरगी उजळली म्हणून गल्लीभर सांगत फिरले. काळे, काळे म्हणून जन्मभर हिणवलेलं आम्हाला. पण आई होते ना मी! आग लागो माझ्या अकलेला.

डॉक्टरनं तिची पापणी खाली ओढली. आत लाल काही नव्हतंच. "मलेरियानं रक्त संपवलंय हिचं. आजच चढवावं लागेल. बदल्यात रक्त देणारा माणूस आणा."

नवऱ्याचं घेईनात. महिन्यापूर्वीच त्यानं दिलं होतं. कुणाला? शेठाच्या आईला. तिचं ऑपरेशन होतं, तर शेठानं आपल्या लूमच्या खात्यातले, कापडाच्या मागांवरचे चार कारागीर टेम्पोत घालून नेले, त्यात माझा नवरा. तेव्हा कुणी जात विचारली नाही. माझं तपासलं, तर अंगात रक्त कमी, मीच फिकी निघाले.

म्हणून बंगल्यावर गेले होते. दिलेलं परत मागायला.

 शेठाणी वळली आणि म्हणाली, "काले वहेली आवजे, मेहमान छे." माझी पोर मरायला टेकलेली, आणि हिला उद्या लवकर यायला हवी, पाहुण्यांच्या भांड्यांची पडलेली!

"नाही येणार," मी म्हणाले. मराठीतच. आत म्हातारीलाही ऐकू जावं म्हणून ओरडून म्हणाले, "तुमच्या सासूच्या अंगात माझ्या नवऱ्याचं रक्त आहे. बाटलं घर! शिंपडा आता गोमूत्र!"

शेठाणीचं तोंड बघण्यासारखं झालं. आजही आठवलं की बरं वाटतं मला.

रक्त शेजारच्या गँगमन दादानं दिलं, रेल्वेची ड्युटी सोडून आला बिचारा. पोर वाचली.

वर्षभरानं शेठाचा टेम्पो गल्लीत आला. शेठाणीची लेक बाळंतपणात अडलेली, रक्त हवं होतं. दोन कारागीर चढलेही. मी टेम्पोपुढं जाऊन उभी राहिले.

नवरा म्हणाला, "जाऊ दे गं, बाईमाणसाचा जीव आहे."

"दोन भाऊ आहेत ना तिला? आधी त्यांना झोपवा खाटेवर."

ड्रायव्हर हॉर्न मारत राहिला. मी हलले नाही. दोघं खाली उतरले, टेम्पो रिकामा गेला.

मला पापाची भीती कुणी घालू नये. त्या घरातलं रक्त आमच्या गल्लीतल्या एका लेकराला चढू द्या, मग बोलू. तोवर एक थेंब मिळणार नाही.